हळद आपली, पाकीट आपलं, लिंक लोकाची

राजेहो, यंदा आपल्या गटाच्या हळदीच्या पाकिटावर क्यूआर कोड पाहिजेच. पानटपरीवर आहे, सलूनमध्ये आहे, रसवंतीवाल्याच्या गाड्यावर आहे, मग आपल्याच हळदीनं काय घोडं मारलं? समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला त्याच्या दोन वर्षं आधी. मानांकन म्हणजे शेवटी नावाचं भांडण. वायगाव हे नाव भलत्याच गावच्या हळदीनं लावू नये, एवढ्यासाठी ते कागद, त्या चकरा, ती मंजुरी. म्हणून ते नाव पाकिटावर बोटभर उंचीच्या अक्षरात छापा आणि बरोबर त्याच्या खाली, काळ्यापांढऱ्या चौकोनात, एका परक्या कंपनीचं नाव भरून मोकळे व्हा. चौकोनात काय लिहिलंय ते उघड्या डोळ्यांना थोडंच वाचता येतं!

सुरुवात फुकटात करा. मोबाइलवर ‘फ्री क्यूआर’ शोधा आणि जी पहिली जाहिरात दिसेल तिच्यावर बोट ठेवा. ती साइट विचारेल, स्टॅटिक पाहिजे की डायनॅमिक? इथं थांबून विचार करत बसू नका. स्टॅटिक कोडात तुम्ही दिलेला पत्ता जसाच्या तसा असतो. मध्ये कोणी दलाल नाही, त्यामुळे कोड म्हणून तो कधी संपत नाही. अशा मालाला बाजारात काय किंमत? डायनॅमिक घ्या. त्यात असते त्या कंपनीची आखूड लिंक. गिऱ्हाईक आधी कंपनीच्या दारात जातं, मग कंपनी त्याला तुमच्याकडे धाडते. पुढचं पान वाट्टेल तेव्हा बदलता येतं, ही सोय खरीच कामाची आहे. फक्त दार त्यांचं. अशा बऱ्याच साइटवर फुकटची मुदत आठ-पंधरा दिवसांची असते. म्हणजे पाऊच छापून एसटीच्या पार्सलनं गावात येईतो ‘हा कोड बंद आहे’ अशी पाटी लागलेली असते, आणि पाटीखाली त्या कंपनीचीच जाहिरात. आपल्या पाकिटावर, आपल्या शाईनं, आपल्या खर्चानं.

‘लहान कंपनी असंच करणार, आपण मोठ्याची लिंक घेऊ,’ असं कोणी म्हणालं तर त्याला शाबासकी द्या. लिंक आखूड करायची गूगलची स्वतःची सेवा होती, २००९ पासून. २०१८ मध्ये ती गुंडाळायची घोषणा झाली, २०१९ मध्ये नव्या लिंका बंद झाल्या. मग २०२४ मध्ये फर्मान निघालं की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत. ऐन वेळी वापरातल्या लिंकांना जीवदान मिळालं. वर्षाकाठी चारदा स्कॅन होणारी तुमच्या पाकिटावरची लिंक ‘वापरातली’ की ‘बिनवापराची’, ते ठरवणारे तुम्ही नव्हेत. मोठ्याच्या दारात उभं राहण्याची गंमत ती हीच.

दलालच नको म्हणत असाल तर याच्याहून सोपा मार्ग आहे. व्हॉट्सॲपची लिंक थेट कोडात कोंबा आणि सोबत तयार मजकूरही घाला, ‘नमस्कार मला हळद पाहिजे’. किती आपुलकीचं! आता हिशोब पाहा. लिंकमध्ये देवनागरीचा एकेक घटक नऊ नऊ चिन्हं खातो. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा सुटत नाहीत. त्या चार शब्दांत असे १९ घटक, म्हणजे १७१ चिन्हं. तीन मोकळ्या जागांची ९. नंबरासकट पुढची लिंक ३२. एकूण २१२. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडाचा किती भाग खराब झाला तरी तो वाचला जावा, त्याची पातळी) एवढ्याला ५७ बाय ५७ घरांचा, म्हणजे बारीक चौकोनांचा, कोड लागतो. पाकिटावर जागा दोन सेंटिमीटर, म्हणजे एक घर जेमतेम ०.३५ मिलिमीटरचं. उलट स्वतःच्या नावाची आखूड लिंक, सगळं धरून २६ अक्षरांची केली, तर २५ बाय २५ घरांत भागतं आणि एक घर ०.८ मिलिमीटरचं होतं, दुपटीहून मोठं. पण मग कोड भरजरी दिसत नाही. लोकांना वाटेल, या गटाकडे सांगण्यासारखं काही नाही! शिवाय व्हॉट्सॲपचा तो नंबर सचिवबाईंच्या मुलाचा. त्यानं सिम बदललं की आपुलकी थेट अनोळखी माणसाच्या फोनात.

(एक चोरवाट आहे, कोणाला सांगू नका. पूर्ण लिंक इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिली तर कोड ती दाटीवाटीनं साठवतो आणि त्याच २५ घरांत २६ ऐवजी ३८ अक्षरं मावतात. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या मूळ पत्त्याच्या, नावात लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडत नाही. तिरप्या रेघेनंतरच्या भागात मात्र पडू शकतो, तेवढं आधी तपासावं लागतं. तपासायचं म्हणजे कष्ट आले. म्हणून नकोच.)

आता छपाई. पाऊच ग्रॅव्हरवर छापायचे असतील तर रंगागणिक एक सिलिंडर कोरावा लागतो, आणि कोड त्या लोखंडावरच्या तांब्यात कोरला जातो. एकदा कोरला की कोरला. लिंक चुकली तर नवा सिलिंडर, नवा खर्च. म्हणून सिलिंडर आधी कोरून घ्या, लिंकचं मागाहून पाहू. छापखान्याला फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवा, म्हणजे घरांच्या कडा विरघळून मऊशार होतात. रेघा शाबूत ठेवणारी एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल मागणारा ऑपरेटर हटवादी समजावा. कोरलड्रॉमध्ये कोड जागेत बसत नसेल तर बाजूनं ओढून बसवा. चौकोनाचा आयत झाला तर काय बिघडतं? काळा रंग एकाच शाईचा ठेवू नका, चारही रंगांचा मिळून करा. मग रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर जरी हललं तरी प्रत्येक घराला निळी-लाल झालर येते आणि कॅमेरा गोंधळतो. भोवती चार घरांएवढी कोरी जागा सोडायची असते. तिथं ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘घरगुती’ असे तीन गोल शिक्के बसतात, जागा वाया घालवू नका. आणि हळदीचं पाकीट म्हणून कोड पिवळा करा, पांढऱ्यावर पिवळा. काळा कोड पिवळ्यावर झकास वाचला जातो, म्हणूनच उलटं करायचं. पारदर्शक पाऊच असेल तर कोडाखाली पांढऱ्या शाईचा थर मारू नका. हळदीत एकवेळ निभावेल, पण त्याच पाऊचात उद्या भिवापुरी मिरची भरली की गडद तांबड्यावर काळा कोड असा गडप होतो की बस.

मधोमध दैवताचा फोटो हवाच. त्यासाठी दुरुस्ती-पातळी सर्वांत वरची घ्यावी लागते, ती साधारण ३० टक्के नुकसान सोसते. मात्र तिच्यामुळे घरं वाढतात आणि बारीक होतात. तुम्ही पातळी आहे तशीच ठेवा आणि फोटो मोठा करा. कोपऱ्यातल्या तीन चौकटींपैकी एखादी सीलिंगच्या पट्टीखाली गेली तर आणखी उत्तम. त्या झाकल्या की कोणतीच पातळी कामी येत नाही.

एवढं करूनही एखादा शहाणा म्हणेलच, ‘स्वतःचं डोमेन घ्या.’ घ्या ना. फक्त भाच्याला सांगा. त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या कार्डावर. ‘डॉट इन’ची नोंदणी निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली चालते आणि मालक म्हणून जे नाव-ईमेल नोंदवाल तोच मालक. गटाचं नाव, गटाचा ईमेल, अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे पासवर्ड, असला पंचायतीसारखा कारभार करू नका. पहिल्या वर्षाची सूट पाहून नाव घ्या, दुसऱ्या वर्षीचा पूर्ण दर वाचू नका. पाच वर्षांचे पैसे एकदम भरण्याचा तर विचारही मनात आणू नका. हौसच असेल तर २०१४ पासून ‘डॉट भारत’ही मिळतं, अस्सल देवनागरीत. पाटीवर ते देखणं दिसतं. यंत्राच्या पोटात मात्र त्याचं ‘एक्सएन’नं सुरू होणारं इंग्रजी गाठोडं होतं आणि अक्षरं वाढतात. कोडासाठी आखूड ‘डॉट इन’ आणि बोर्डासाठी ‘डॉट भारत’, दोन्ही एकाच पानावर नेणारी, अशी जोडी जमते. जमवू नका.

नाव आलं की ते लिंकच्या सेवेला, म्हणजे आखूड लिंक पुढे धाडणाऱ्या कंपनीला, जोडायचं. खरी रीत दहा मिनिटांची आहे. मूळ डोमेनला हात न लावता त्याच्यापुढे ‘क्यूआर’ किंवा ‘गो’ असं उपनाव घ्यायचं. सेवेच्या सेटिंगमध्ये ते आधी नोंदवायचं. सेवा एक पत्ता देते, तो डीएनएसमध्ये (कोणतं नाव कुठे न्यायचं त्याची वही) सीनेम नोंद (‘हे नाव म्हणजे ते नाव’ अशी ओळ) म्हणून भरायचा आणि थोडा वेळ वाट पाहायची. सुरक्षेचं प्रमाणपत्र बहुतेक सेवा आपोआप आणतात. मग उघडून पाहायचं, आणि त्यानंतरच सिलिंडरवाल्याला फोन. यातली गंमत घालवायला तीन जागा आहेत. पहिली, नावाच्या रकान्यात फक्त ‘क्यूआर’ न लिहिता सगळं डोमेन पुन्हा लिहा. बरीच पॅनेल शेवटी डोमेन स्वतःच जोडतात, मग नाव तयार होतं क्यूआर-डॉट-अमुक-डॉट-इन-डॉट-अमुक-डॉट-इन. दिवसभर ‘उघडूनच नाही राह्यलं’ म्हणत बसता येतं. दुसरी, उपनाव सोडून मूळ नावालाच सीनेम लावायला जा. तिथं ती चालत नाही. मग वैतागून नेमसर्व्हरच, म्हणजे ती वही सांभाळणारं यंत्रच, बदलून टाका. त्यासरशी जुन्या सगळ्या नोंदी मागे राहतात, साइट जाते, ईमेलही जातो, आणि नागपूरच्या व्यापाऱ्याची ऑर्डर वाटेतच थांबते. तिसरी सगळ्यात नाजूक. लिंकची सेवाच न घेता डोमेन विकणाऱ्याचं फुकटचं ‘फॉरवर्डिंग’ लावा. काही ठिकाणी त्याला सुरक्षित जोडणी नसते. कोडात ‘एचटीटीपीएस’ छापलेलं, पलीकडे प्रमाणपत्र नाही, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर लाल त्रिकोण: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. हळद घ्यायला आलेला माणूस आपला बँक-बॅलन्स तपासून घरी जातो.

सेवेनं गिऱ्हाइकाला पुढे धाडायचा प्रकार विचारला तर ३०१ निवडा. ३०१ म्हणजे ‘कायमचं हललं’, आणि ब्राउझर ते मनावर घेतो. पुढच्या हंगामात तुम्ही पान बदललं तरी जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आठवणीनं जुन्याच पानावर जाईल, गेल्या वर्षीच्या भावावर. ३०२ ‘सध्यापुरतं’ म्हणतो आणि दर वेळी नव्यानं विचारतो. त्याच्या नादी लागू नका.

पाकीट बाजारात आलं की कोडाशेजारी एक अक्षरही लिहू नका. आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे, हे बाजारात पक्कं बसलंय. माणूस पैशाचं ॲप काढेल, तुमचा कोड त्यात धरेल, ॲप म्हणेल हा पेमेंटचा कोड नाही. ‘काऊन जी, हे तं लागूनच नाही राह्यलं.’ दुकानदारही म्हणेल, ‘सर्व्हर डाउन असन.’ कोडाखाली ‘साध्या कॅमेऱ्यानं उघडा’ असे तीन शब्द आणि लिंक वाचता येईल अशा अक्षरांत छापली असती तर ज्याचा कॅमेरा फुटलाय तोही टाइप करू शकला असता. पण ते जमण्यासाठी लिंक वाचण्यासारखी लागते, स्वतःच्या नावाची. तुमच्या लिंकच्या शेपटात तर अशी सात अक्षरं आहेत की वाचणाऱ्याला बँकेचा ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा मेसेजच आठवावा. पैशाचा कोडही शेजारीच लावा, त्याच आकाराचा, म्हणजे घोळ पुरा होईल.

बाजारागणिक वेगळं शेपूट देण्याच्या फंदात पडू नका. शेगावला एक, हिंगणघाटला एक, वर्ध्याच्या प्रदर्शनाला एक असं केलं की कुठून किती लोक आले ते कळतं. कळलं की कोणत्या स्टॉलचं भाडं फुकट गेलं तेही कळतं. कशाला ती ब्याद? फ्लेक्स मात्र लावा, विजेच्या खांबाएवढ्या उंचीवर. दहा मीटरवरून वाचायला कोड मीटरभर रुंद लागतो, हा अंदाज छापखान्यातला पोरगाही सांगेल. तुम्ही वीतभर ठेवा. आणि तपासणी करायचीच तर नव्या कोऱ्या फोनवर, लॅपटॉपच्या पडद्यावरून, पंख्याखाली बसून करा. छापलेलं पाऊच, ओरखडे पडलेला जुना फोन आणि दुपारचं ऊन, या तिन्हींची गाठ पडू देऊ नका.

मग काही होत नाही. वर्ष जातं. नूतनीकरणाचे ईमेल भाच्याच्या जुन्या खात्यात नेमानं येत राहतात. भाचा हिंजवडीला, कार्डाची मुदत संपलेली. ‘डॉट कॉम’ असेल तर मुदत सरल्यावर विक्रेत्याच्या मर्जीनुसार ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवस शांतता, आणि नाव बाजारात मोकळं. ज्या नावाचे हजारो कोड घराघरांत, किराणा दुकानांत, मंदिराबाहेरच्या स्टॉलवर पडून आहेत, असं नाव हेरून घेणारे टपलेलेच असतात. त्यांना तुमच्या पाकिटाचा काहीच खर्च नाही. कोडही आता अगदी छान लागतो, पान चटकन उघडतं.

एक दिवस फोन येईल. ‘भाऊ, तुमच्या हळदीच्या पाकिटावर रमी लागून राह्यली.’

त्याला सांगा, सर्व्हर डाउन आहे.