काश्मिरीची सख्खी बहीण उझबेक? मग मराठी कोण?

गेले काही दिवस एक मजकूर या गटातून त्या गटात फिरतोय. थोडक्यात तो असा: काश्मिरी ही मुळात मध्य आशियाची भाषा, उझबेक तिची सख्खी बहीण. दोघींत शेकडो शब्द सारखे, उच्चार सारखे, चहा उकळायचं भांडं, म्हणजे समोवार, तेसुद्धा सारखं. काश्मीरवर उझबेकांनी राज्य केलं आणि श्रीनगरला दिल्लीपेक्षा ताश्कंदच जवळ. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'घे, तुझ्या आवडीचा विषय' असं म्हणून. घेतो.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तो नकाशावर पट्टी ठेवून मोजता येतो. श्रीनगरहून दिल्ली सरळ रेषेत साधारण 650 किलोमीटर, ताश्कंद 950च्या आसपास. मध्ये पामीरचे डोंगर, आणि शिना, बुरुशस्की, वखी, ताजिक अशा भाषांची रांग. शेजारही नाही, मग माहेर कुठलं?

'शेकडो शब्द सारखे' हे मात्र खरं आहे. मजकुरातली यादी बघा: किताब, दुनिया, बाजार, अस्मान, दोस्त, वक्त. उझबेकमध्ये कितोब, दुन्यो, बोझोर, ओस्मोन. पण यातला कुठला शब्द मराठी माणसाला परका वाटला? हे शब्द फारसीचे, किंवा फारसीतून आलेले अरबीचे. दरबार, व्यापार आणि मदरसे जिथे जिथे फारसीत चालले तिथे ते पोचले, बुखाऱ्यापासून विजापूरपर्यंत. उझबेक तुर्की कुळातली भाषा, आणि आपल्याकडे तर अस्सल तुर्की मालही आहे. कैची घ्या, तोफ घ्या. मशालचीतला 'ची' आणि उझबेक 'बलिकची'तला, म्हणजे मासेमारातला, 'ची' एकच. म्हणून मराठी तुर्की भाषा झाली का?

नातं बघायचं तर रोजचे, सहसा उसने न घेतले जाणारे शब्द बघावेत. काश्मिरी माणूस मोजतो: अख, ज़ु, त्रे, च़ोर, पांच़, शे, सथ, ऑठ, नव, दह. उझबेक मोजतो: बिर, इक्की, उच, तोर्त, बेश, ओल्ती, येत्ती, सक्किझ, तोक्किझ, ओन. हात काश्मिरीत 'अथु', उझबेकमध्ये 'कोल'. भाऊ 'बोय', बहीण 'बेन्य'. उझबेकमध्ये थोरला भाऊ 'अका', धाकटा 'उका', थोरली बहीण 'ओपा', धाकटी 'सिंगिल'. (आता कुणीतरी 'अका' आणि आपली 'अक्का' जोडणार! आपली अक्का कानडीतून आली. नुसतं सारखं दिसणं किती फसवं असतं, ते इथेच कळतं.)

खरी गंमत व्याकरणात आहे. 'मी भात खातोय' हे काश्मिरी पुरुष म्हणतो 'बु छुस बतु ख्यवान'. बाई म्हणते 'बु छस बतु ख्यवान'. 'बतु' म्हणजे आपला भातच. काश्मिरीने घ, ध, भ यांतला हकार टाकून दिला, एवढंच. बोलणारा बाप्या की बाई हे क्रियापदात कळतं, आपल्या खातो-खातेसारखं. उझबेक पुरुष काय नि बाई काय, 'मेन पलोव येयापमन' म्हणूनच जेवणार, कारण त्या भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. तो, ती, ते या तिन्हींना एकच 'उ'. काश्मिरीत दूरच्या 'तो'ला 'सु' आणि 'ती'ला 'स्व'; संस्कृतातले सः आणि सा आठवावेत.

शिवाय उझबेक प्रत्ययावर प्रत्यय चढवत जाते. 'कितोबलारिमिझदा' म्हणजे 'आमच्या पुस्तकांत': 'लार' अनेकवचनाचा, 'इमिझ' आमच्याचा, 'दा' आतचा. शब्द अरबी, घडण पक्की तुर्की. काश्मिरीची घडण अशी नाही, आणि तिथे क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागी येतं, जर्मनसारखं. उझबेकमध्ये ते शेवटी येतं, म्हणजे मराठीसारखं. शब्दांच्या क्रमावरून नाती ठरवायची तर काश्मिरीआधी आपलाच नंबर लागेल.

'उच्चार सारखे' म्हणताना काश्मिरीतला तो ना धड इ ना धड उ असा दाबलेला स्वर पुढे केलाय. तो तुर्कस्तानच्या तुर्कीत आहे, पण प्रमाण उझबेकमध्ये स्वतंत्र स्वर म्हणून उरलेलाच नाही. तिथे सहाच स्वर. काश्मिरीत नेहमीच्या मोजणीने सोळा. उलट काश्मिरी चोराला 'च़ूर' म्हणतात, आणि त्यातला च़ आपल्या 'चोर'मधलाच.

समोवार हा शब्द रशियन आहे. दोघींनी तो तिकडून घेतला. आणि काश्मिरी समोवारात उकळतो तो नून चहा. 'नून' म्हणजे मीठ, 'लवण'पासून आलेलं, आपल्या लोणच्याच्या कुळातलं. उझबेक मिठाला 'तुझ' म्हणतात.

उझबेकांचं राज्य? इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा मिर्झा हैदर दुघलत असावा. ताश्कंदला जन्मलेला, बाबराचा मावसभाऊ. 1540मध्ये त्याने काश्मीर घेतलं आणि सुमारे दहा वर्षं राखलं. पण तो उझबेक नव्हता. उझबेकांच्या शैबानी खानाने तर त्याच्या बापाला मारवलं होतं. काश्मिरात बसून त्याने इतिहास लिहिला, तोही फारसीत.

गोंधळाला थोडं कारण भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने दिलं, हे मान्य. काश्मिरी ज्यात मोडते त्या दार्दी भाषांना त्याने भारतीय आणि इराणी यांच्यामधली तिसरी शाखा मानलं होतं. पुढे नॉर्वेचा भाषाशास्त्रज्ञ मॉर्गनस्टिअर्न याने त्या इंडो-आर्यनच, म्हणजे मराठी-हिंदीच्या घरच्याच, असल्याचं दाखवलं. ग्रियर्सननेही त्यांना तुर्की कुळात ढकललं नव्हतं.

राहिला मजकुरातला हुकमी एक्का: 'आब, म्हणजे पाणी, दोन्ही भाषांत एकच'. पाण्याला काश्मिरी मुसलमान आब म्हणतात, पंडित पोन्य. उझबेकमध्ये फारसीचा 'ओब' भेटतो तो हवामानाला म्हणतात त्या 'ओब-हावो'सारख्या जोडशब्दांत. ताश्कंदला तहान लागली तर 'सुव' मागा.