उसाची ट्रॅक्टरं आणि माझी पट्टी

मी काय काम करते हे आईला अजून नीट कळलेलं नाही. गल्लीत ती "आमची पोरगी गर्भपिशवीचं कायतर बघती" असं सांगून ठेवते आणि मग मी सणाला गावी गेले की दोन-तीन काकू सोनोग्राफीच्या फायली घेऊन हजर, "बघ की गे जरा, सुनंचं काय म्हणत्यात ते". काकू मी डॉक्टर नाही वो म्हटलं तर त्या आईकडं बघतात, एवढं शिकून हिला एक फाईल वाचता येईना म्हणून.

शेवटी एकदा ती भाकरीचं पीठ मळत होती तेव्हा म्हटलं, आई, तू पीठ झालं काय ते बोट दाबून बघतेस ना, तेच मी करते, फक्त माझं बोट केसापेक्षा बारीक आणि पीठ म्हणजे गर्भपिशवीचं आतलं अस्तर. ती म्हणाली, "मग हात धुतीस काय आधी?"

तर ह्या बोटाचं नाव ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर ह्या तिघांनी काढलेला. मायक्रोस्कोप म्हटलं तरी ह्याचं काम बघण्यापेक्षा चाचपण्याचं जास्त. सिलिकॉनची एक लवचिक पट्टी असते, तिच्या टोकाला बारीक मणी (नुसतं टोक असलं तर मऊ टिश्यूत घुसतं), पाठीवर लेसर मारलेला. पट्टी अस्तरावर टेकून जराशी वाकली की लेसरचा ठिपका सरकतो, त्यावरून जोर किती लावला आणि मणी आत किती गेला ह्याचा ग्राफ निघतो आणि त्या ग्राफला हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाचं १८८२ सालचं गणित लावायचं, की अस्तर किती कडक ते निघतं. त्या बिचाऱ्यानं ते एकमेकांवर दाबलेल्या काचेच्या भिंगांसाठी मांडलं होतं, पुढं ते कुठं लागणार हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं पेनच खाली ठेवलं असतं.

अस्तर निघतं काही शे पास्कल (हे कडकपणाचं माप, आकडा जेवढा लहान तेवढं मऊ). म्हणजे आईच्या पिठापेक्षाही कितीतरी मऊ. आणि गंमत म्हणजे गरोदरपणात वार जिथं रुजते तिथलं अस्तर बाकीच्यापेक्षा कितीतरी कडक झालेलं असतं, हे लोकांनी असंच दाबून दाबून मोजलंय. मऊ गादीत पाय रोवायला कुठंतरी टणक जागा लागणारच की.

आता एवढ्या मऊ गोष्टीला एवढ्या हलक्या हातानं शिवायचं तर आजूबाजूला शांतता पाहिजे. आणि आमची लॅब कुठं, तर साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून, तळमजल्यावर. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की डब्बल ट्रॉलीची ट्रॅक्टरं रात्रंदिवस, त्यावर हे एवढाले स्पीकर, कन्नड गाणी फुल्ल आवाजात. ट्रॅक्टर वळणावर असतानाच माझ्या ग्राफला करवतीचे दात फुटतात. एकदा मी तासभर लई एकसारखे आकडे आले म्हणून खुश होते, नंतर कळलं की मी अस्तर नाही, स्पीड ब्रेकर मोजत होते.

हवेवर तरंगणारं टेबल आहे आमच्याकडं, पण ते हवा सोडतं. मग आमच्या सरांनी जुना उपाय सांगितला, जड कडप्पा आणि खाली स्कूटरच्या ट्यूबा. पंक्चरवाला म्हणाला, "गाडी कुठाय वो म्याडम?" गाडी नाही, दगडाखाली घालायच्यात म्हटल्यावर त्यानं पैसे आधी मागितले.

परवा सँपल आलं. ऑपरेशनमध्ये काढलेलं, पेशंटची सही घेऊन दिलेलं, आणि ते ताजं असतानाच मोजायचं, फ्रीझरात टाकून उद्या बघू असं चालत नाही. संध्याकाळी पाचला बसले. पट्टी खाली आणायची, ट्रॅक्टर. परत वर, परत खाली, ट्रॅक्टर. नऊला लाईट गेली, आली, लेसर पहिल्यापासून लावला. साडेअकराला मणी सुटून कुठं गेला देव जाणे, नवी पट्टी घातली, तिची किंमत सरांना सोमवारी सांगणारे.

आणि बाराच्या पुढं एकदम सगळं गप्प. ग्राफची रेघ अशी सरळ की मला वाटलं मशीनच बंद पडली. दाबलं, ३१०. बाजूला दाबलं, २८०. परत ३३०. हात थरथरायला लागले, म्हणून ते मांडीखाली घालून बसले.

तासाभरानं बाहेर बघते तर वळणावरच ट्रॉलीचं टायर फुटलेलं, रस्ता आडवा अडलेला, मागं ट्रॅक्टरांची ही रांग, सगळ्यांची इंजिनं बंद. ड्रायव्हर आमच्या गेटाशी पाणी मागायला आलेला, पंचविशीतला पोरगा, घामानं भिजलेला. "अक्का, आत्ता जॅक येतोय, धा मिनटात हलतो बघा, तुमास्नी त्रास झाला."

आत अजून अर्धं अस्तर मोजायचं होतं.

"गडबड कशाला करतोस रे," मी म्हटलं, "बस की, चहा टाकते."