थंड पाण्याने तूप पोटात थिजते का?

जेवणावर थंड पाणी प्यायल्यास खाल्लेले तेल-तूप पोटात थिजते, पचन मंदावते, त्या चिकट गाळाची आम्लाशी प्रक्रिया होऊन तो घन अन्नापेक्षाही लवकर शोषला जातो, आतड्याला त्याचा थर बसतो, त्याची चरबी होते आणि शेवटी कर्करोग होतो. म्हणून जेवणावर गरम पाणीच प्यावे, असा संदेश कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

तो पटतो, कारण थंडीत तुपाचे ताट नळाखाली धरले की बोटांना लागणारा पांढरा मेणचट थर प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. परंतु ताट ३७ अंशांवर नसते, जठर असते. फ्रिजमधले पेलाभर पाणी साधारण अर्ध्या तासात शरीराच्या तापमानाला येते आणि त्या तापमानाला शेंगदाणा तेल, खोबरेल व साजूक तूप पातळच राहतात. गार पेयाने जठर रिकामे होण्याचा वेग काही काळ किंचित कमी होतो, एवढे मान्य करायला हरकत नाही.

आता शोषणाविषयी. ताटावरचा थर निघतो तो साबणाने, आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला हेच काम पित्तरस करतो (‘पित्त झाले’ म्हणताना आपल्या मनात असते ते जठरातले आम्ल, हा यकृतात तयार होणारा रस वेगळा). पित्तक्षार स्निग्धांशाचे बारीक थेंब करतात, स्वादुपिंडातील लायपेज हे पाचक विकर त्यांचे मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड असे तुकडे करते आणि तेच आतड्याच्या पेशींत शिरतात. पेशीत त्यांची पुन्हा जुळणी होऊन प्रथिनांचे वेष्टन असलेले कायलोमायक्रॉन नावाचे कण बनतात, जे केशवाहिन्यांत शिरण्याइतके लहान नसल्यामुळे लसीकावाहिन्यांतून (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसीका म्हणजे लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांतून) छातीपर्यंत जाऊन मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या शिरेत उतरतात. १६२२ मध्ये गास्पारे आसेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी त्या मज्जातंतू वाटल्या, पण एक कापताच दुधासारखा द्रव वाहिला: त्या याच लसीकावाहिन्या होत्या, स्निग्धांशाने भरलेल्या. स्निग्धांशाचा हा प्रवास इतका उघड दिसतो, आणि त्यात गाळाला कुठेही जागा नाही.

पचन मंदावते आणि शोषण मात्र झपाट्याने होते, या विसंगतीकडे संदेश पुढे ढकलणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. न पचलेल्या स्निग्धांशाची अंगावर चरबी होत नाही. तो शौचावाटे बाहेर पडतो. स्वादुपिंडाच्या आजारात किंवा पित्तनलिका अडल्यास नेमके हेच घडते: शौच फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, पाण्यावर तरंगते आणि रुग्णाचे वजन वाढण्याऐवजी घटते. निरोगी प्रौढाच्या आहारातील सुमारे ९५ टक्के स्निग्धांश शोषला जातो.

थर बसण्याचा मुद्दा तर थोडक्यात निकालात निघतो, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराच्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. जो थर बसतच नाही, त्याच्यावर रचलेल्या कर्करोगाच्या भीतीला आधार उरत नाही.

राहिले गरम पाणी. घशाला बरे वाटते म्हणून ते जरूर प्यावे. जठरात तेही काही वेळाने ३७ अंशांवरच येते.