सडा रिकामा नाही

सकाळी रायडिंगच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. भर पावसातला सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर दहा-बारा मोटरसायकली, मागे दणदणीत गाणं, आणि मधोमध एक जण पुढचा ब्रेक आवळून मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरवतोय. माती, शेवाळ, गवत सगळं उडतंय आणि बाकीचे शिट्ट्या मारतायत. खाली टाळ्या आणि आगीच्या इमोजींचा पाऊस. मी एवढंच लिहिलं की बाबांनो, पावसाळ्यात सड्यावर असं करू नका. त्यावर एकाचं उत्तर आलं, "रिकामी जागा आहे ताई, कुणाच्या बापाची आहे?"

दुपारची जेवणं झाली, ऑफिसची दोन कामं हातावेगळी झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे लिहितेय. इथे आपलीच माणसं आहेत, तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

कुणीतरी म्हणेलच की बाईला गाडीतलं काय कळतं, म्हणून आधीच सांगते. २०१९ला एक्सपल्स ही कच्च्या रस्त्यांवरची मोटरसायकल आली तेव्हापासून मी ती चालवतेय. दादाकडे जुनी ४११ची हिमालयन आहे, वहिनी त्याच्या मागे बसते आणि रस्ता त्याच्यापेक्षा तिच्याच जास्त लक्षात राहतो. भाची आता स्वतःची गाडी चालवते. शिवाय कॉलेजपासूनचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका. आमची टोळी म्हणजे एवढीच. डांबर सुटलं, लाल माती लागली की थांबायचं, टायरची हवा थोडी उतरवायची, हेल्मेटची काच वर करायची. मग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून, गुडघ्यांत टाकी धरून, दुसऱ्या गिअरात हळूहळू. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवली की गाडी त्याच दगडावर जाते, हे भाचीला शिकवताना मला जो आनंद झाला तो मी कशात मोजू? सगळ्यात नवा माणूस मध्ये, सगळ्यात जुना शेवटी. वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढचा हलत नाही. या खेळावर माझं अतोनात प्रेम आहे. म्हणूनच तो व्हिडिओ इतका लागला.

राजापूर तालुक्यात माझ्या मामाचं घर आहे. आम्ही सगळे एकदा मे महिन्यात तिथे गेलो होतो. घरामागची चढण संपली की सडा सुरू होतो, तो थेट आभाळाला टेकलेला. मे महिन्यात बघाल तर काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत, कुठे एखादं करवंदीचं जाळं. गाडीवाल्याच्या डोळ्यांना ते मैदानच दिसतं. आम्ही हेल्मेटं चढवत होतो तेवढ्यात मामा कमरेच्या आकडीत कोयती अडकवून आला आणि भाचीला म्हणाला, "बाय, गाडी हितंच ऱ्हाऊदे. फुडं चालत जाऊ."

उन्हात चालत निघालो. बऱ्याच आत गेल्यावर मामा एका जागी थांबला. आम्हाला काहीच दिसेना. त्याने जवळच्या झुडपाचा एक टाळ मोडला, उकिडवा बसला आणि कातळावरची माती-गवत अलगद झाडायला लागला. एक रेघ दिसली, बोटभर रुंद. मग त्याने भाचीकडून पाण्याची बाटली मागितली आणि त्या रेघेत थोडं पाणी सोडलं. पाणी रेघ धरून पुढे सरकत गेलं, वळलं, परत आलं, आणि आमच्या पायांशी माणसापेक्षा लांब मासा उमटला. शेपटी, पर, डोळा, सगळं. वहिनीने पायातल्या चपला काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ही ती "रिकामी जागा".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यातही जांभ्याच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात फणसामळ. २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत या जागा गेल्या. काही ठिकाणी गेंडा कोरलाय. कोकणात गेंडा! ज्याने तो कोरला त्याच्या काळाचा विचार करून बघा. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं पायी हे सडे धुंडाळत राहिली, गुराख्यांना विचारत राहिली, म्हणून आज आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे. आणि प्रत्येक चित्राभोवती दगडाचं कुंपण नाही. पुष्कळ चित्रं मामाच्या माशासारखी माती-गवताखाली निजलेली आहेत. जांभा काही काळा पाषाण नव्हे, त्यात घरं बांधायला चिरा कापतात इतका तो मऊ. त्यावर मोठ्या गुट्ट्यांचे नॉबी टायर गरागरा फिरवल्यावर काय उरेल?

बरं, शिल्पं बाजूला ठेवा. पावसात सडा काय असतो हे त्या मुलांनी गाडीवरून उतरून बघितलंय का? कातळावर माती असते ती बोट-दोन बोटं. मिरगाचा पाऊस पडला की त्याच मातीतून दीपकाडी पांढरी फुलते, आणि ती कोकणची आहे, जगात दुसरीकडे शोधून मिळत नाही. मग खोलगट भागात पाणी साठतं, त्यात बेडकांची अंडी, कडेने गेंद, सीतेची आसवं, तेरडा. टिटवी तर घरटं बांधतच नाही, चार दगडांच्या मध्ये तशीच ठिपक्या-ठिपक्यांची अंडी घालते. आपण शेजारी उभे असलो तरी अंडं कुठलं आणि खडा कुठला कळत नाही. त्या व्हिडिओत गाण्याच्या मागे एक टिटवी ओरडतेय. मी आवाज वाढवून तीनदा ऐकलं. ती का ओरडत होती ते मला माहीत आहे.

कासला आपण सगळे गेलोय. २०१२ला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कास आहे. तिथे गाडी लांब लावतो, पायवाट सोडत नाही, पोरांना ओरडतो, "फुलांवर पाय देऊ नको." मग तसाच कातळ आणि तशीच फुलं राजापुरात असली की तिथे चाक फिरवायला परवानगी कशी मिळते? केवळ तिथे तिकीटखिडकी नाही म्हणून?

आता कुणीतरी म्हणेल की चिरेखाणींनी आख्खे सडे पोखरले, तुमच्या दहा गाड्यांनी काय होतंय. मान्य. खाणीएवढं नुकसान गाडी करत नाही. पण म्हणून ते करायचं? २०२३ला बारसूच्या सड्यावर लोक भर उन्हात बसले होते तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी इथेच पोस्टी टाकल्या होत्या. रिफायनरीचा प्रकल्प हवा की नको हा वाद बाजूला ठेवू, पण सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे हे तेव्हा तुम्हीच जगाला सांगत होतात ना?

गुरं पण चरतात, हेही कुणी लिहिलंय. चरतात. गुरांच्या पायांना मोटर नसते.

आणि "कुणाच्या बापाची"? ऐक मग. त्या सड्याचा सातबारा काढ. एकेका गटावर तीस-तीस नावं असतात, अर्धी मुंबईला, काही वारलेली, पण नावं असतात. गुरं तिथे चरतात, घराच्या पेंढ्यासाठी गवत तिथलं कापतात, गावच्या विहिरीला पाणी त्याच कातळातून झिरपून येतं. मामाने माशावरची माती झाडली तेव्हा मी विचारलं होतं, मामा हे कुणी दाखवलं तुला? म्हणाला, "आजानं. गुरं राखायला यायचो तवा." म्हणजे बापाची सोड, आजा-पणज्याची आहे ती जागा.

याचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका वाडीच्या तोंडाशी आम्हाला अडवलं. आमच्या आधी कुणी टोळकं येऊन गेलं होतं, गडग्यातलं बेडं, म्हणजे दगडी कुंपणातलं फाटक, उघडं टाकून. गुरं शिरली आणि एका बाईचा भाजीचा मळा सपाट झाला. ती बाई रस्त्यात उभी होती, हातात काठी. आम्ही इंजिनं बंद केली, वहिनी उतरून बोलली, पण तिने जाऊ दिलं नाही, आणि का द्यावं? आम्ही गाड्या वळवल्या. भाची परतीच्या वाटेवर गप्प होती. तिला वाईट वाटलं ते याचं की त्या बाईच्या लेखी आम्ही आणि ते एकच.

आत्ता लिहिता लिहिता तो व्हिडिओ परत बघितला. सकाळी नुसता संताप होता. आता बघितलं तर त्या मुलांचे चेहरे भाचीच्याच वयाचे आहेत. नवी नोकरी, हप्त्यावर घेतलेली गाडी, पहिला पाऊस. एकाची गाडी शेवाळावर घसरते तेव्हा बाकीचे चौघे आपापल्या गाड्या टाकून धावत त्याला उचलायला येतात. वाईट पोरं नाहीत ती. त्यांच्याबरोबर कुणी मामा नव्हता. त्यांच्यासमोर कुणी रेघेत पाणी ओतलं असतं तर यांनीही चपला काढल्या असत्या याची मला खात्री आहे. पण "कुणाच्या बापाची" हे लिहिणारा चाळिशीचा आहे, त्याला मी ओळखते, आणि त्याला ही सवलत देणार नाही.

कोकणात गाडी चालवायला जागा कमी आहे असं समजू नका. बंद पडलेल्या खाणींकडे जाणारे लाल रस्ते आहेत, घाटाखालच्या जुन्या बैलगाडीच्या वाटा आहेत, नदीच्या कोरड्या पात्रातले गोटे आहेत. त्यावर अख्खा दिवस घाला, हात भरून येतील, क्लच ओढवणार नाही. गावात विचारून जा, सरपंचाला नाहीतर पहिल्या भेटलेल्या म्हाताऱ्याला. उघडलेलं बेडं सगळ्यात शेवटच्या गाडीने लावायचं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून वाडीतून जायचं नाही, दुपारी माणसं झोपलेली असतात.

डिसेंबरात आम्ही परत मामाकडे चाललोय. कॉलेजपासूनचा एक मित्र, त्याची बायको आणि यावेळी त्यांचा मुलगाही येतोय, त्याची पहिलीच ट्रिप. ग्रुपमधल्या कुणालाही यायचं असेल तर या, त्या व्हिडिओतल्या पोरांनाही कुणी ओळखत असेल तर माझा निरोप द्या, मी मनापासून बोलावतेय. गाडी कुठलीही चालेल, जोराने चालवता आली नाही तरी चालेल. गाड्या खाली अंगणात फणसाखाली लागतील आणि सड्यावर सगळे पायी जातील, यात बदल होणार नाही. मामीला जेवणाचं आणि अंथरुणांचं आठवडाभर आधी सांगावं लागतं, तेव्हा कोण कोण येणार ते वेळेत कळवा.