'सहा महिने आत टाका, दारू आपोआप सुटते' हे खरं नाही

महिनाभर एक मेसेज फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवरच तो चौघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा : दारुड्याला व्यसनमुक्ती केंद्रात घालून पैसे उडवू नका, सहा महिने जेलमध्ये टाका, आपोआप सुटते. एकदा व्यसनी तो मरेपर्यंत व्यसनी. आणि जेलमधून आलेल्याला कामावर ठेवू नका, तो पुन्हा तेच करणार.

मी दारूच्या नशेत एका माणसाचा हात मोडला होता. त्यासाठी सात महिने कच्चा कैदी म्हणून आत होतो. त्या माणसाचा हात आजही पूर्ण वळत नाही. त्याची शिक्षा मला व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिक्षा म्हणजे उपचार नव्हे, आणि मेसेजची सगळी गफलत तिथेच आहे.

सात महिन्यांत एक थेंब पोटात गेला नाही. सुटलो त्या संध्याकाळी गेटवर माझी पिशवी मिळाली : पट्टा, बंद पडलेला मोबाइल, पाकिटात एकशे चाळीस रुपये. घ्यायला कुणी आलं नव्हतं. गेटपासून एसटी स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर देशीचं दुकान लागतं. एसटीत बसण्याआधी मी क्वार्टर संपवलेली होती. घरी बायकोने पुरणपोळी केली होती. पुढे पावणेदोन वर्षं मी पीत राहिलो.

आत दारू नव्हती एवढंच. मी का पितो, हे सात महिन्यांत मला कुणी विचारलं नाही. पुण्यात येरवड्याला जेल आहे आणि डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही तिथेच आहे. दारूपासून लांब तर दोन्हीकडे ठेवतात. पण मुक्तांगणमध्ये माणसाला बोलतं करतात, पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवतात, घरी गेल्यावरही फॉलोअपला बोलावतात. सुटते ती या कामाने. सगळी केंद्रं अशी नसतात, हेही खरं. मारहाण करून दारू सोडवू म्हणणारीही आहेत. तिथे माणूस घालू नका, हे मीही सांगेन.

'आपोआप सुटते' हा शब्द तर जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींचं भान सुटतं. आमच्या बरॅकमध्ये एक काका दुसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या झटकत बसले होते. चादरीवर एकही मुंगी नव्हती. सकाळी दवाखान्यात हलवलं म्हणून वाचले. औषधाविना ही अवस्था माणसाला मारू शकते.

ब्राउन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन घेणाऱ्यांचा धोका सुटल्यानंतरचा. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका इतर लोकांच्या १२९ पट होता. आपल्याकडचा कायदाही उपचाराला जागा देतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ असं, की सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडले तर मात्र ही सूट जाऊ शकते.

'एकदा व्यसनी तो कायमचा व्यसनी.' आम्ही दारू सोडलेले लोक आमच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये आजही उभं राहून 'मी अल्कोहोलिक आहे' असंच म्हणतो. त्याचा अर्थ, पहिला पेग मला आयुष्यभर चालणार नाही. मी सुधारणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकन सैनिकांत १९७१ साली पाचातला जवळपास एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फक्त पाचेक टक्के पुन्हा आहारी गेले. जागा बदलली, सोबत बदलली. मी स्वतः दोनदा स्लिप झालो, तिसऱ्यांदा उभा राहिलो. यंदा नऊ वर्षं झाली.

राहिलं काम. एक तर आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी साधारण तिघांचा निकालच लागलेला नसतो. 'जेलमधून आलेला' म्हणजे गुन्हेगार, हे तुम्ही कोर्टाच्या आधीच ठरवून टाकता. दुसरं म्हणजे, रिकामा दिवस व्यसनी माणसाला खातो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात मला ग्रिलच्या वर्कशॉपने धरून ठेवलं. शेठना मीच सांगितलं, पहिले सहा महिने पगार माझ्या हातात देऊ नका. ते दर सात तारखेला बायकोला बोलावून घेत, पैसे तिच्यासमोर मोजत आणि वहीवर सही मात्र माझी घेत. ती सही करताना मान खाली जायची. पण मी दुसऱ्या दिवशी कामावर जायचो.

आमच्या मीटिंगच्या ग्रुपमधल्या एकाचा भाऊ येत्या शुक्रवारी सुटतोय. मी चार वाजल्यापासून गाडी घेऊन गेटवर थांबणार आहे. स्टँडच्या रस्त्याने त्याला नेणार नाही, कॅनॉलकडून नेईन. तिकडून तीन किलोमीटर जास्त पडतात.