तिला फक्त २०० मीटर पळायचं होतं

कुणी खेळाडू देश सोडून गेला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो गद्दार, दुसरा म्हणतो क्रांतिकारक. बेलारूसची धावपटू क्रिस्तिना त्सिमानुस्काया यातली कुठलीच नव्हती, म्हणून मला तिची गोष्ट जास्त पटते.

टोकियो ऑलिंपिक, २०२१. तिची २०० मीटरची शर्यत सोमवारी होती. रिले संघातल्या काही जणींच्या पुरेशा डोपिंग चाचण्याच झाल्या नव्हत्या, त्या बाद झाल्या. मग अधिकाऱ्यांनी हिला न विचारता हिचं नाव ४ x ४०० मीटर रिलेत घातलं. स्प्रिंटरला एकदम ४०० पळ म्हणायचं! तिने इन्स्टाग्रामवर राग काढला. देशाचे सर्वेसर्वा राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांच्याबद्दल चकार शब्द नाही, तक्रार होती ती संघाच्या ढिसाळ कारभाराची. बस्स. १ ऑगस्टला, शर्यतीच्या आदल्याच दिवशी, तिला सामान भरायला सांगून मायदेशी धाडायला विमानतळाकडे काढलं. कारण दिलं, हिची मानसिक स्थिती ठीक नाही. वाटेत आजीचा फोन आला: परत येऊ नकोस.

हानेदा विमानतळावर तिने मोबाइलमध्ये मदतीची विनंती जपानीत भाषांतर करून घेतली आणि स्क्रीन पोलिसांसमोर धरली. मी त्या क्षणाशी अडकून पडतो. सोबत आपलेच अधिकारी उभे, समोरच्याची भाषा येत नाही, आणि सगळं आयुष्य एका भाषांतराच्या ॲपवर. एखादा शब्द चुकला असता तर?

पोलंडने व्हिसा दिला. ४ ऑगस्टला ती व्हिएन्नामार्गे वॉर्सात पोचली, नवऱ्यालाही देश सोडावा लागला. (मराठीत ‘पळणं’ शर्यतीतलंही आणि जीव घेऊन पळणंही. तिच्या बाबतीत दोन्हींची गाठ एकाच आठवड्यात पडली.)

मार्टिना नवरातिलोवाचंही थोडं असंच. १९७५ मध्ये, अठराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कमध्ये राहिली ती टेनिस मनासारखं खेळता यावं म्हणून. कुठे, किती स्पर्धा खेळायच्या हे चेकोस्लोव्हाकियाचे अधिकारी ठरवणार, हे तिला नको होतं. पण तिला निदान वाट बघावी लागली नाही. टेनिसपटू स्वतःच्या नावावर खेळतो. धावपटूच्या छातीवर देश लागतो, आणि देश बदलला की तीन वर्षं थांबा, असा नियम. स्प्रिंटरची तीन वर्षं म्हणजे काय, ते पायांना विचारा. ‘परदेशात सेटल झाली, मजा आहे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ती मुदत थोडी आधी उठवली, ऑगस्ट २०२३ मध्ये. २०२४ ला पॅरिसमध्ये ती पोलंडच्या जर्सीत उतरली. पदक वगैरे काही नाही, अंतिम फेरीही नाही.

शर्यत मात्र तीच होती. २०० मीटर.