पूर, भीती आणि प्रतिकारशक्ती : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पूर आला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. पुरानंतरचे आजार घाण पाण्याने होत नाहीत, भीतीने प्रतिकारशक्ती शून्यावर येते म्हणून होतात. महिन्याभरात भीती ओसरली की ती आपोआप भरून येते. आणि ज्याचे मन खंबीर त्याला काहीच होत नाही, असे त्यात म्हटलेले असते. ताणाचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो एवढे त्यात खरे आहे आणि त्या खऱ्याच्या आडोशाने बाकीचे सारे खपते.

प्रतिकारशक्ती 'शून्यावर' येत नाही. पाणी दारात आल्यावर जी धावपळ होते, त्या थोड्या वेळात रक्तातील काही संरक्षक पेशी उलट वाढतात; नुकसान होते ते ताण आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडाला अँड्र्यू चक्रीवादळाने झोडपले, त्यानंतर १ ते ४ महिन्यांच्या काळात तेथील रहिवाशांचे रक्त तपासले गेले. विषाणूबाधित पेशी नष्ट करणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशींची संख्या त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त होती, पण त्यांची मारकक्षमता कमी भरली. म्हणजे फौज होती, तिची धार बोथट झाली होती. महिन्याभरात सारे सुरळीत होते, या दाव्याचे उत्तरही या कालावधीतच आहे.

जंतूंना निर्दोष ठरवणारा दावा मला सर्वांत घातक वाटतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले होते. ज्यांच्यावर ताण अधिक, त्यांना सर्दी अधिक झाली. मात्र ज्यांना विषाणूंऐवजी नुसते मीठपाणी दिले, त्यांच्यापैकी एकालाही सर्दी झाली नाही. ताण दार किलकिले करतो, पण आत येणारा जंतूच असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या तापाची) साथ आली, ती उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी चालल्याने, पायांवरच्या भेगांतून आणि जखमांतून. त्या पाण्यात उतरलेल्या माणसाला ताप आला, तर मन घट्ट करून घरी बसण्यात जाणारा प्रत्येक दिवस धोक्याचा असतो.

राहिला मनाच्या खंबीरपणाचा मुद्दा. अँड्र्यूच्या त्याच अभ्यासात मानसिक आघात आणि पेशींचे मंदावलेले काम यांना जोडणारा एक दुवा सापडला, तो म्हणजे वादळानंतर नव्याने सुरू झालेली झोपमोड. एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी पाहिलेल्या बाई मला या संदर्भात नेहमी आठवतात. घरातला गाळ उपसताना टाचेला झालेल्या जखमेवर साडीची चिंधी बांधून त्या दोन बाकांवर आडव्या होत. वर्गातली ट्यूबलाइट रात्रभर जळत असे आणि पत्र्यावर सर वाजली की त्या दचकून उठून बसत. त्यांचे मन कमकुवत होते असे म्हणण्याची माझी हिंमत नाही, कारण दिवसभर त्याच इतरांच्या लेकरांना जेवू घालत होत्या. केंद्रावरच्या डॉक्टरांनी जखम धुऊन डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध दिले, आणि त्या रात्रीपासून वर्गातला दिवा दहा वाजता मालवून फक्त व्हरांड्यातला चालू ठेवला जाऊ लागला.